सहा सुरांची सांजवेळ

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी चाळली असतील, त्यांना एक बारीकशी गोष्ट आठवत असेल. पदाच्या डोक्यावर, राग आणि ताल यांच्या शेजारी, लहान टायपात एक ओळ असे. 'चाल' असे लिहून पुढे भलत्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी ते कीर्तनातले पद असे, कधी लावणी, कधी कानडी गाणे. अण्णासाहेब किर्लोस्करांना किंवा देवलांना त्यात काही कमीपणा वाटत नसे. चाल जिथून मिळाली ते प्रामाणिकपणे नोंदवून ते पुढे जात. मात्र नोंद होई ती गाण्याची. ती चाल मुळात बांधली कुणी, हे नाटककाराला ठाऊक नसे, गाणाऱ्या नटाला ठाऊक नसे आणि 'वन्समोअर' देणाऱ्या प्रेक्षकाला तर त्याची फिकीरही नसे.

शब्द लिहिणाऱ्याचे नाव राहते, गाणाऱ्याचे तर राहतेच राहते. चाल बांधणारा मात्र मधल्या मध्ये विरून जातो. हा अनुभव आपल्याकडचाच नाही. जगातल्या निम्म्या देशांत ज्याची एक चाल लोकांना तोंडपाठ आहे आणि ज्याचे नाव संगीताच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कुणाला माहीत नाही, अशा एका इंग्रज गृहस्थांबद्दल आज लिहायचे आहे. विल्यम हेन्री मंक हे त्यांचे नाव. व्यवसाय : चर्चमध्ये ऑर्गन वाजवणे. 'अबाइड विथ मी' हे प्रार्थनागीत आपण ऐकले असेल. दिल्लीच्या विजय चौकातल्या 'बीटिंग रिट्रीट'च्या सोहळ्यात कित्येक वर्षे ते वाजत असे. त्याची चाल मंक यांची.

लंडनच्या ब्रॉम्प्टन भागात १६ मार्च १८२३ रोजी त्यांचा जन्म झाला. चरित्रकाराला हाताशी धरता येईल असे नाट्य त्यांच्या आयुष्यात जवळजवळ नाही. तुरुंगवास नाही, फसलेले प्रेमप्रकरण नाही, दारिद्र्याची करुण कहाणी नाही. अठराव्या वर्षी, म्हणजे १८४१ मध्ये, लंडनच्या ईटन स्क्वेअरमधील सेंट पीटर चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून नेमणूक. दोनेक वर्षांनी आल्बेमार्ल स्ट्रीटवरचे सेंट जॉर्ज. आणखी दोनेक वर्षांनी पोर्टमन स्क्वेअरचे सेंट पॉल. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी शाखा बदलणाऱ्या माणसाचे हे सेवापुस्तक वाचताना मला फार घरच्यासारखे वाटले. १८४७ मध्ये किंग्ज कॉलेजात गायकवृंदाचे संचालक, १८४९ मध्ये तिथलेच ऑर्गनवादक, १८५१ पासून अंध मुलांच्या शाळेत संगीताचे शिक्षक. आणि मग १८५२ साली स्टोक न्यूइंग्टन इथल्या सेंट मथायस चर्चमधली नेमणूक. इथे मात्र बदल्या थांबल्या. पुढची सदतीस वर्षे, मरेपर्यंत, ते याच बाकावर बसले.

बाक म्हटले, कारण ऑर्गन वाजवणाऱ्याला खुर्ची चालत नाही. आपल्याकडे ऑर्गन म्हणजे नाटकातला, पायाने भाता मारायचा. तो मुळात हार्मोनियमचाच थोरला भाऊ. आत पितळी पट्ट्या आणि त्यांतून जाणारी हवा. चर्चमधला मोठा ऑर्गन वेगळा. त्यात शेकडो नळ्या असतात, काही बोटभर तर काही माणसापेक्षा उंच, आणि प्रत्येक नळी एकच सूर देते. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात एकावर एक रचलेल्या दोन-तीन पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर सतत फिरत असतात. मंद्रातले सूर पायांनी वाजतात. म्हणून बाक लांब हवा, त्यावर इकडून तिकडे सरकता यायला हवे. वीज येण्यापूर्वी भाता मारायला मागे एक माणूस किंवा पोरगा उभा असे. तो पेंगला की देवाच्या स्तुतीचा श्वास कोंडला! आणि एवढे सगळे करताना वादकाची पाठ बहुधा लोकांकडे असते. समोरच्या छोट्या आरशात पाद्री कुठवर आले ते पाहायचे. लग्नाला तोच, मयताला तोच, आणि रविवारी तर त्याला सुट्टी मिळणे शक्यच नाही.

मंक यांचा काळ इंग्लंडच्या चर्चमध्ये मोठ्या घुसळणीचा होता. त्यापूर्वी गावोगावच्या चर्चमध्ये सज्जात बसून वाजवणारे गावातलेच ताफे असत. शिंपी, सुतार, शेतकरी. हातात फिडल, बासून, सनई नव्हे पण तिच्याच जातीची क्लॅरिनेट. सूर जेमतेम, उत्साह दांडगा. या ताफ्यांची गच्छंती करून त्यांच्या जागी ऑर्गन किंवा हार्मोनियम आणण्याची लाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आली. थॉमस हार्डींच्या 'अंडर द ग्रीनवुड ट्री' या १८७२ च्या कादंबरीत अशाच एका ताफ्याचा शेवट आहे. ती वाचल्यापासून माझी सहानुभूती पूर्णपणे त्या फिडलवाल्यांकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मंक पलीकडच्या बाजूचे. पण पलीकडच्या बाजूचेही म्हणणे होते, आणि मंक यांचे तर होतेच होते.

ते असे, की चर्चमधले गाणे लोकांनी गायचे आहे. बाकांवर बसलेल्या, सुराचे अंग असलेल्या-नसलेल्या, सगळ्या मंडळींनी. ताफ्याने वाजवायचे आणि लोकांनी माना डोलवायच्या, किंवा शिकलेल्या गायकवृंदाने गायचे आणि लोकांनी आदराने गप्प बसायचे, हे दोन्ही त्यांना नको होते. किंग्ज कॉलेजात विल्यम डाइस नावाचे प्राध्यापक होते. ते मूळचे चित्रकार. पण मध्ययुगीन धर्मसंगीताचा त्यांना फार नाद. एका सुरावर स्तोत्र म्हणत जायचे आणि ओळीच्या शेवटी थोडे वळण घ्यायचे, अशी ती प्राचीन पद्धत. आपल्या वेदपठणाच्या किंवा पोथीवाचनाच्या जवळची. मंक यांना ही गोडी त्यांच्याकडून लागली. सेंट मथायसमध्ये त्यांनी ती पद्धत प्रत्यक्षात आणली, आणि वर्षातल्या सणावारांप्रमाणे गाणी निवडण्याची शिस्त लावली. आज यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा मात्र यावरून 'हे तर रोमच्या पोपकडे चालले' अशी ओरड होत असे.

पण मंक यांचे खरे मोठे काम ऑर्गनच्या बाकावर झाले नाही. ते एका समितीत झाले.

अठराशे पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये प्रार्थनागीतांची पुस्तके ढिगाने होती. जवळजवळ प्रत्येक पाद्री आपला वेगळा संग्रह वापरत असे. एका गावची मंडळी दुसऱ्या गावी गेली तर त्यांना तिथे गाता येत नसे. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या दोन पाद्रींच्या गप्पांतून सगळ्यांसाठी एकच पुस्तक करण्याची कल्पना निघाली, असे सांगतात. १८५८ च्या सुमाराला समिती बसली. सर हेन्री बेकर हे तिचे प्रमुख. ते धर्मगुरूही होते आणि स्वतः गीतेही लिहीत. संगीताची सगळी जबाबदारी मंक यांच्याकडे आली. पुस्तकाला 'हिम्स एन्शन्ट अँड मॉडर्न', म्हणजे 'प्राचीन आणि अर्वाचीन गीते', हे नाव मंक यांनीच सुचवले. १८६१ मध्ये स्वरलिपीसह आवृत्ती निघाली. त्यात २७३ गीते होती.

समितीचे काम म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. आमच्याकडे परिपत्रकाचा मसुदा एकाने करायचा, दुसऱ्याने त्यातली विशेषणे काढायची, तिसऱ्याने ती परत घालायची आणि चौथ्याने सही करायची. परिपत्रक हजारो शाखांत जाऊन वर्षानुवर्षे पाळले जाई; मसुदा करणाऱ्याचे नाव त्याच्या बायकोलाही ठाऊक नसे. प्रार्थनागीतांच्या पुस्तकाची जातकुळी तीच. फरक एवढाच, की या परिपत्रकाला इंग्रजी बोलणारे जग दीडशे वर्षांहून अधिक काळ बांधील राहिले. पहिल्या सात वर्षांत त्याच्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

या पुस्तकात मंक यांनी केले काय, हे समजायला पुन्हा आपल्या ओवी-साकी-दिंडीकडे यावे लागेल. साकी ठरलेल्या चालीत म्हणतात, दिंडी ठरलेल्या चालीत. एकदा वृत्त कळले की चाल आपोआप कळते, आणि एका साकीची चाल दुसऱ्या कुठल्याही साकीला लागू पडते. इंग्रजी प्रार्थनागीतांचा हिशेब असाच. ओळीत किती अक्षरे, यावर गीताचे माप ठरते. आठ-सहा-आठ-सहा, किंवा दहा-दहा-दहा-दहा. त्या मापाची कुठलीही चाल त्या मापाच्या कुठल्याही गीताला चालते. म्हणून तिकडे चालींना स्वतःची स्वतंत्र नावे असतात, गीताहून वेगळी. कधी गावाचे नाव, कधी संताचे. समुद्रावरच्या खलाशांसाठी म्हटल्या जाणाऱ्या एका गीताच्या चालीचे नाव 'मेलिटा'; म्हणजे माल्टा बेट, जिथे संत पौलाचे जहाज फुटले होते. पूर्वी शब्दांचे पुस्तक वेगळे असे आणि चालींचे वेगळे. ऑर्गनवादकाने आपल्या मनाने जोडी लावायची. या गावात एक जोडी, त्या गावात दुसरी.

मंक यांनी जोड्या पक्क्या केल्या. शब्द आणि चाल एकाच पानावर, समोरासमोर. ही कल्पना अगदीच नवी होती असे नाही. पण या पुस्तकाच्या प्रचंड खपामुळे ती रूढ झाली, आणि अमुक गीताला अमुकच चाल हे घराघरांत ठरून गेले. जर्मन चाली आणल्या, जुन्या लॅटिन चाली आणल्या. सोळाव्या शतकातल्या पालेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराच्या रचनेचा एक तुकडा घेऊन त्याची ईस्टरसाठी चाल केली. कॉन्राड कोखर नावाच्या जर्मन माणसाची चाल कापून-बेतून नाताळनंतरच्या एका गीताला बसवली. डरहॅमचे जॉन बॅकस डाइक्स यांनी आपल्या काही चाली पोस्टाने पाठवून दिल्या. वर सांगितलेली 'मेलिटा' त्यांचीच. मंक यांनी त्या घेतल्या, आणि डाइक्स यांचे नाव त्या एका पुस्तकाने इंग्लंडभर झाले. दुसऱ्याची चाल आपल्या चालीइतक्याच आस्थेने हाताळणारा संपादक ही दुर्मीळ चीज असते. स्वतः लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर फारच.

आणि याच पुस्तकासाठी त्यांनी 'ईव्हनटाइड' ही चाल बांधली. ईव्हनटाइड म्हणजे सांजवेळ.

शब्द आधीचे होते. हेन्री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या बंदरात धर्मगुरू होते. जवळजवळ पाव शतक त्यांनी तिथे काढले. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांनी तिथे शेवटचे प्रवचन केले आणि हवापालटासाठी ते फ्रान्सकडे निघाले. २० नोव्हेंबरला नीस इथे त्यांचा अंत झाला. हे गीत त्याच अखेरच्या दिवसांतले, असे बहुतेक मानतात. काही अभ्यासक ते बरेच आधीचे ठरवतात. त्याचे मूळ बायबलमधल्या एका प्रसंगात आहे. पुनरुत्थानानंतर येशू अनोळखी वाटसरूसारखा दोन शिष्यांबरोबर इम्माऊस गावाकडे चालतो. ते त्याला ओळखत नाहीत, पण दिवस कलल्यावर म्हणतात, आता आमच्याकडेच राहा. लाइट यांनी तो दिवस आयुष्याचा केला, आणि ती विनवणी मरणाऱ्या माणसाची. या गीताला लाइट यांनी स्वतः एक चालही दिली होती. ती आज कुणी गात नाही.

मंक यांनी चाल कशी बांधली, याच्या दोन हकिकती आहेत. पहिली अशी, की समितीच्या बैठकीत या गीताला योग्य चाल नाही असे लक्षात आले आणि मंक यांनी बसल्या बैठकीला दहा मिनिटांत ती लिहून दिली. दुसरी हकिकत त्यांच्या पत्नीने त्यांच्या मृत्यूनंतर सांगितलेली. तो मोठ्या दुःखाचा काळ होता. दोघे रोज संध्याकाळी मिळून सूर्यास्त पाहत. एके दिवशी शेवटचा किरण मावळल्यावर त्यांनी कागद घेतला आणि चाल लिहून काढली. दुःख कशाचे, हे त्या माउलीने सांगितले नाही.

अभ्यासक या दोन हकिकती एकमेकींविरुद्ध उभ्या करतात आणि एक निवडतात. मला तशी गरज वाटत नाही. दहा मिनिटांत कागदावर उतरलेली गोष्ट दहा मिनिटांपूर्वी सुरू झालेली असते असे थोडेच आहे? सूर्यास्त पाहत घालवलेल्या कितीतरी संध्याकाळी मनात असतील, आणि समितीच्या टेबलावर कुणीतरी 'याला चाल नाही हो' म्हटले असेल. मात्र एकच हकिकत ठेवायची झाली तर मी त्या बाईंची ठेवीन. समितीच्या आठवणीपेक्षा बायकोची आठवण जास्त विश्वासार्ह, एवढे तरी संसाराने शिकवले आहे.

आता चालीकडे. घरात पेटी असेल तर ती उघडा. मूळ चाल काळी दोनमधली आहे, पण आपण कुठलीही पट्टी धरली तरी चालेल. पहिली ओळ दहा सुरांची : ग ग रे सा प, ध प प म ग. सावकाश, पहिला गंधार जरा लांबवून. बस्स. गंधारावरून पायऱ्या उतरत षड्जावर यायचे, तिथून एकदम पंचमावर उडी, धैवताला हात लावायचा आणि पुन्हा शांतपणे उतरत गंधारावर यायचे. दुसरी ओळ वर जाते, पंचमावर थांबते, आणि थांबण्याच्या आधी क्षणभर तीव्र मध्यम लागतो. अख्ख्या चालीत पाहुणा म्हणावा असा सूर तेवढा एकच. तिसरी ओळ पहिलीसारखीच निघते. आपण म्हणतो, हे ठाऊक आहे. पण ती गंधारावर न थांबता रिषभावर येऊन लोंबकळते. चौथी ओळ त्या रिषभापासूनच सुरू होऊन षड्जाला घरी पोचते.

ही सगळी चाल सा ते ध एवढ्या सहा सुरांच्या अंगणात आहे. निषाद नाही, तार षड्ज नाही. म्हणजे ज्याला सप्तकभर गळा फिरवता येत नाही तोही ती पुरी गाऊ शकतो. लहान मूल, म्हातारी बाई, घसा बसलेला माणूस. रडणारा माणूसही, कारण रडणाऱ्याचा आवाज वर चढत नाही. बाकांवर बसलेल्या सगळ्या मंडळींनी गावे असे म्हणणाऱ्या माणसाने ते कसे होईल याचा हिशेब इतक्या बारकाईने केला होता. ऐकणाऱ्याला हिशेब कुठे दिसत नाही, ही आणखी गंमत.

अर्थात मंक यांनी नुसती एक सुरावट लिहिली नाही. प्रार्थनागीत चार आवाजांत लिहितात. बायकांचे वरचे आणि खालचे, पुरुषांचे वरचे आणि खालचे. चारही एकदम, पाऊल जुळवून पण वेगवेगळ्या सुरांवर चालतात. आपल्या कानाला याची सवय कमी. पण सवय नसलेल्या कानालाही त्या एका तीव्र मध्यमाशी खालचे सगळे आवाज किंचित सरकल्यासारखे होतात ते जाणवते. खिडकीतला उजेड बदलावा तसे.

गाणे लंडनमधून निघाले ते फिरतच राहिले. ऑक्टोबर १९१५ मध्ये जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या ब्रसेल्समध्ये एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला सैनिकांना पळून जायला मदत केल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. आदल्या रात्री धर्मगुरू तिच्या कोठडीत गेले तेव्हा दोघांनी मिळून हळू आवाजात हेच गीत म्हटले. १९२७ पासून इंग्लंडच्या फुटबॉलच्या एफ. ए. कप अंतिम सामन्याआधी ते वेम्बलीच्या मैदानावर गाण्याची प्रथा पडली. बिअर पिऊन आलेल्या हजारो माणसांनी मृत्यूवरचे गीत कोरसमध्ये गायचे, हा प्रकार इंग्रजांनाच सुचू जाणे! पण मैदान गाऊ शकते ते त्या सहा सुरांमुळेच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनातही एमेली सँडे या गायिकेने ते गायले.

महाराष्ट्रात इंग्रजी प्रार्थनागीते मिशनऱ्यांबरोबर आली. सुरुवातीच्या भाषांतरांत शब्द मराठी आणि माप इंग्रजी असे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला, ज्याच्या कानात अभंग आणि ओवी होती, ते गाताना काय वाटत असेल याची कल्पना करता येते. ही अडचण ओळखून मराठी मंडळींच्या हाती अभंग आणि पदे ठेवणारे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. टिळकांचा जन्म १८६१ चा, म्हणजे 'ईव्हनटाइड' छापली गेली त्याच वर्षीचा. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे मला मान्य आहे. तरी स्टोक न्यूइंग्टनचा ऑर्गनवादक आणि आपले टिळक यांची तळमळ एकच होती, आणि तिचे उत्तर प्रत्येकाला आपापल्या मातीत शोधावे लागले, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

पुस्तकाच्या यशानंतरही मंक यांच्या दिनक्रमात मोठा फरक पडलेला दिसत नाही. १८६८ मध्ये पुस्तकाची पुरवणी, १८७५ मध्ये सुधारित आवृत्ती. १८७४ मध्ये किंग्ज कॉलेजात कंठसंगीताचे प्राध्यापकपद. नंतर आणखी दोन संस्थांत शिकवणे, ठिकठिकाणी व्याख्याने. १८८२ मध्ये डरहॅम विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणि रविवारी सेंट मथायस. १८८७ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी लहान मुलांच्या एका गीताला चाल दिली : 'ऑल थिंग्ज ब्राइट अँड ब्यूटिफुल'. मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंट शाळांत शिकलेल्या कितीतरी वाचकांनी हे गीत सकाळच्या प्रार्थनेत म्हटलेले असेल. त्याच्या दोन चाली प्रचारात आहेत, त्यांतली एक मंक यांची. सांजवेळेची चाल बांधणाऱ्याने उतारवयात ही उड्या मारणारी चाल बांधावी, याची मला गंमत वाटते. १ मार्च १८८९ रोजी, सहासष्टावा वाढदिवस पंधरा दिवसांवर असताना, ते वारले. हायगेटच्या दफनभूमीत त्यांना पुरले. कार्ल मार्क्स यांच्या समाधीमुळे ती जागा जगाला माहीत आहे. मंक यांच्यासाठी तिथे कुणी मुद्दाम जात असेल असे वाटत नाही.

राहता राहिला विजय चौक. 'अबाइड विथ मी' गांधीजींच्या आवडत्या गीतांपैकी होते. पन्नासच्या दशकापासून दरवर्षी २९ जानेवारीला, म्हणजे त्यांच्या हौतात्म्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, सैन्याची वाद्यवृंदपथके ते वाजवत. दूरवर ठेवलेल्या घंटानळ्यांवरून चालीचे सूर उलटून येत, मग बिगुल, मग ध्वज उतरवणे, मग रायसीना टेकडीवरच्या इमारतींवर एकदम लागणारे दिवे. दूरदर्शनवर ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना तो क्षण आठवेल. २०२० मध्ये ही धून वगळणार अशा बातम्या आल्या. त्या वर्षी ती राहिली. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात, २०२२ साली, ती कार्यक्रमातून निघाली. भारतीय धुनांना जागा द्यायची, हे कारण देण्यात आले. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. कुणी गांधीजींची आठवण काढली, कुणी इंग्रजांची. मला स्वतःला ती संध्याकाळ थोडी ओकी वाटली. सत्तर वर्षांच्या सवयीने कुठल्याही सुराला घरचे करून घेतलेले असते.

त्या सगळ्या चर्चेत लाइट यांचे शब्द पुन्हा पुन्हा उद्धृत झाले. त्यांचा अर्थ, त्यांतला धर्म, त्यांतला शोक. पण विजय चौकात शब्द कधी नव्हतेच. तिथे कुणी गात नसे; बँड वाजत असे. इतकी वर्षे दिल्लीच्या थंडीत त्या संध्याकाळी जे ऐकू येत होते ते फक्त विल्यम मंक होते, आणि चर्चेत त्यांचे नाव जवळजवळ कुणी घेतले नाही.

त्या जागी जी धून आली ती 'ऐ मेरे वतन के लोगो'. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंसमोर लतादीदींनी ते गायले, ही आठवण सगळ्यांना आहे. कवी प्रदीप यांचे शब्दही सगळ्यांना पाठ आहेत. बँडवर मात्र दीदींचा आवाज नसतो आणि प्रदीप यांचे शब्दही नसतात. तिथे उरते ती चाल. आणि ती आहे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांची, म्हणजे आपल्या सी. रामचंद्र यांची.